प्लेगची लस, आपली हुबळी आणि वाल्डेमार हाफकिन

हुबळी-धारवाडात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी घरांत जुनी माणसे काळ मोजताना प्लेगचे साल असे म्हणत. अमक्याचे लग्न प्लेगच्या आधी झाले, तमके घर प्लेगात बंद पडले, आजोबांना प्लेगच्या वेळी माळावर झोपडी बांधून राहावे लागले, अशा गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकल्या असतील. आता ती सांगणारी माणसे राहिली नाहीत. प्लेग हा शब्दही शिवी देण्यापुरताच उरला आहे.

त्या सालांशी एका परदेशी माणसाचे नाव जोडलेले आहे. मुंबईच्या परळ भागात त्याच्या नावाची मोठी संस्था आहे, म्हणून मुंबईकरांना ते ठाऊक असते. आपल्या हुबळीत मात्र ते क्वचितच कानावर पडते. वास्तविक त्याने शोधलेल्या लसीची एका अख्ख्या शहरावर झालेली सर्वांत मोठी आणि गाजलेली परीक्षा आपल्या हुबळीतच झाली. त्या माणसाचे नाव वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या देशाने सार्वजनिक आरोग्यात जी मजल मारली, तिच्या पहिल्या पावलांपैकी काही या माणसाची आहेत. त्यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हा प्रदेश रशियाच्या झारच्या ताब्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवून पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह.

तो काळ रशियात ज्यू लोकांसाठी फार वाईट होता. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिले आणि तुरुंगात गेले. गुरूंनी रदबदली केली म्हणून सुटले. शिक्षण पुरे झाल्यावर विद्यापीठात वरची जागा मिळवायची तर ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावे लागेल, अशी अट आली. त्यांनी ती मानली नाही. जागा गेली, पण धर्म सोडला नाही. पुढच्या आयुष्यातही त्यांचा हा स्वभाव बदलला नाही.

१८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना संशोधकाची जागा मिळाली नाही, ग्रंथालयात साहाय्यकाची मिळाली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांनी कॉलऱ्याचा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत पटकीचा, विषय हाती घेतला. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, काही दिवसांत उतरले. त्यानंतर मित्रांना टोचली. इतरांच्या अंगाला सुई लावण्याआधी ती आपल्या अंगाला लावायची, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

१८९३ साली भारतात

लस तयार झाली, पण तिची खरी परीक्षा जिथे कॉलरा दरवर्षी येतो तिथेच होऊ शकत होती. पूर्वी भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांचा भारतात येण्याचा मार्ग मोकळा झाला. मार्च १८९३ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते कलकत्त्यात उतरले. आपल्या वाचकांच्या लक्षात आले असेल की पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला तेही हेच वर्ष.

पुढची दोन-अडीच वर्षे ते उत्तर भारत, बंगाल, आसामचे चहामळे असे फिरत राहिले. लष्कराच्या छावण्या, तुरुंग, मजुरांच्या वस्त्या, जिथे लोक तयार होतील तिथे ते लस टोचत. सुरुवातीला लोक तयार होत नसत. परका माणूस सुई घेऊन आला की वस्तीत दगडही पडत. कलकत्त्याच्या एका झोपडपट्टीत १८९४ मध्ये त्यांनी काही लोकांना लस टोचली, काहींनी नकार दिला. नंतर तिथे कॉलरा आला तेव्हा जे आजारी पडले ते सगळे न टोचलेल्यांपैकीच निघाले. मग त्या वस्तीतले लोक आपणहून पुढे आले. या कामात त्यांना अनेक भारतीय डॉक्टरांची साथ मिळाली. चाळीस हजारांहून अधिक लोकांना टोचून झाल्यावर मलेरियाने ते खंगले आणि विश्रांतीसाठी १८९५ मध्ये इंग्लंडला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा भारतात परतले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हाफकिन हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. त्यातून ज्यू, त्यातून रशियन. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेकांना हा बाहेरचा माणूस खुपत असे. ही अढी पुढे त्यांना फार महागात पडली.

मुंबईतली खोली आणि व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या मूळ रहिवासी डॉक्टरांनी एका रुग्णाला गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचे ओळखले. बघता बघता मुंबई रिकामी होऊ लागली. सरकारने ऑक्टोबरात हाफकिन यांना बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि लागून असलेला व्हरांडा एवढ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मदतीला मोजकी माणसे होती. त्यातला एक साहाय्यक कामाच्या ताणाने आजारी पडला, काही जण सोडून गेले. हाफकिन मात्र रात्रंदिवस तिथेच असत.

ही लस कशी बनत असे हे आपल्या स्वयंपाकघरातल्या माणसांना ऐकायला आवडेल. मांसाच्या रश्शासारखे द्रव काचेच्या चंबूत घालून त्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या खाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात. मधून मधून चंबू हलवला की ते तळाशी पडतात आणि वर नवे पीक येते. असे पाच-सहा आठवडे केल्यावर ते सगळे द्रव तासभर तापवून जंतू मारायचे आणि टिकावे म्हणून त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. मेलेल्या जंतूंची ही लस टोचली की एक-दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, पण शरीर त्या रोगाशी लढायला शिकते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. त्यानंतर महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस टोचून घेतली. न टोचलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

त्याच वर्षीच्या आणखी घटना आपल्याला माहीत आहेत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मरण आले. घरात घुसून झडती घेणे, माणसे ओढून छावणीत नेणे, सामानाची होळी करणे या प्रकारांनी पुण्यात असंतोष पेटला आणि २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मराठी माणसाच्या मनात प्लेगचा इतिहास म्हणजे रँड आणि चाफेकर एवढाच राहिला आहे. ते स्वाभाविकही आहे. पण त्याच महिन्यांत त्याच इलाख्यात दुसरा एक माणूस लोकांना समजावून, स्वतःचा दंड पुढे करून रोगाशी लढत होता. रोग तोच होता आणि सरकारही तेच होते. लोकांकडे जाण्याची रीत मात्र दोन तऱ्हेची होती.

लस लोकांपर्यंत पोहोचवण्यात काही मान्यवरांची मोठी मदत झाली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. बडोदा संस्थानातल्या उंधेरा नावाच्या खेड्यात फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचण्यात आले. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे. त्यातल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ गेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ गेले. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरातले माणूस होते.

हुबळीचा पावसाळा

आता आपल्या गावाकडे येऊ. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ पर्यंत आपण मुंबईशीच जोडलेले होतो. हुबळी हे तेव्हा सुमारे ५०,००० वस्तीचे भरभराटीचे गाव होते. कापसाचा मोठा व्यापार, सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना, चहूकडून येणाऱ्या गाड्या आणि धान्याची गोदामे. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे रेल्वे तिथे रोगाला वाट मोकळी. मुंबईहून पुणे, बेळगाव अशी वाटचाल करत प्लेग १८९८ मध्ये हुबळीत घट्ट बसला.

उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो, हे त्या वेळी डॉक्टरांनाही पक्के माहीत नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्याच १८९८ साली कराचीत पहिला प्रयोग करून ते दाखवले, पण त्यावर विश्वास बसायला आणखी सात-आठ वर्षे गेली. तोवर घरांना चुना लावणे, कौले काढून ऊन आत सोडणे, औषधी पाण्याने जमीन धुणे आणि गाव सोडून माळावर जाणे एवढेच उपाय होते. घर धुऊन पिसवा जात नव्हत्या. घरात उंदीर पडला की घरच्यांच्या पोटात गोळा येई. कर्नाटकात ठिकठिकाणी लोक प्लेगच्या देवीला नवस बोलत होते.

अशा वेळी मे १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांच्या लसीची मोहीम सुरू झाली. इथल्या कामाची धुरा कॅप्टन ल्यूमन या लष्करी डॉक्टरांकडे होती. धारवाड-गदग भागात मिस कॉर्थोर्न या स्त्री डॉक्टर काम करत होत्या. ज्या काळी आपल्या घरातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नसत, त्या काळी एका स्त्री डॉक्टरचे असणे किती महत्त्वाचे ठरले असेल हे वेगळे सांगायला नको.

पाऊस सुरू झाला तसा प्लेग वाढत गेला. ऑगस्ट-सप्टेंबरात तो शिगेला पोहोचला. म्हणजे श्रावण-भाद्रपदाचे दिवस. ज्या दुर्गदबैलच्या गर्दीत आज आपण गौरी-गणपतीची खरेदी करतो, त्या जुन्या हुबळीतून त्या महिन्यांत रोज प्रेते जात होती. पण त्याच वेळी लस घेणाऱ्यांच्या रांगाही वाढत होत्या. पावसाळा संपेपर्यंत ३५,००० हून अधिक हुबळीकरांनी लस टोचून घेतली होती, त्यातल्या अनेकांनी दोनदा. एवढ्या मोठ्या शहरातल्या बहुसंख्य लोकांनी प्लेगची लस घेतली, असे तोवर कुठे घडले नव्हते. टोचलेल्यांत मरणाचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा फारच कमी निघाले. हुबळीचे नाव लंडनच्या शास्त्रीय वर्तुळात पोहोचले.

यात सगळेच स्वखुशीचे होते असे म्हणता येणार नाही. लस टोचल्याचा दाखला असलेल्याला छावणीत डांबण्यापासून सवलत मिळत असे, त्यामुळे काही जण छावणीच्या भीतीने आले असणार. शास्त्राच्या बाजूनेही शंका होत्या. गावातून रोज माणसे बाहेर पडत असताना न टोचलेले नक्की किती उरले हे मोजणार कसे? सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या आकड्यांची कसून छाननी केली, त्यातल्या त्रुटी दाखवल्या, आणि तरीही या लसीने रोगाचे व मृत्यूचे प्रमाण निश्चित घटते हा निष्कर्ष काढला.

मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे आणि माझा डिप्लोमा हेल्थ इन्स्पेक्टरचा. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसणे, सोमवारी-मंगळवारी राहिलेल्या घरांची दारे ठोठावणे, हे काम मी कित्येक वर्षे केले आहे. कोविडच्या लसीच्या वेळीही केले. मोबाइल, टीव्ही, शिकलेली माणसे, सगळे असताना एका गल्लीतली दहा घरे तयार करायला काय यातायात पडते हे मला ठाऊक आहे. दार अर्धे उघडून, पुढच्या वेळी बघू म्हणणारी माणसे रोज भेटतात. म्हणून १८९८ सालच्या हुबळीतल्या त्या ३५,००० लोकांचे मला फार अप्रूप वाटते. त्यांना जंतू म्हणजे काय हे माहीत नव्हते. सुई त्यांनी कधी पाहिली नव्हती. टोचल्यावर ताप येणार हे शेजाऱ्याकडे पाहून कळत होते. तरी त्यांनी बाही वर केली. ती लस हाफकिन यांनी शोधली हे खरे, पण ती खरी ठरवली ती या लोकांनी.

परळची संस्था आणि मलकोवालची बाटली

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. एका खोलीतून सुरू झालेल्या कामाला राजवाड्यासारखी इमारत मिळाली. देशभरातून लसीला मागणी येत होती. सगळ्यात मोठी मागणी पंजाबातून होती, कारण तिथे प्लेगने थैमान घातले होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यातल्या १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही.

दोष कोणाचा? बाटली परळहूनच दूषित निघाली, की गावात उघडताना त्यात जंतू शिरले? त्याच सुमारास परळला लसीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद करून नुसत्या उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत सुरू केली होती. जास्त लस लवकर बनावी हा त्यामागचा हेतू होता. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा कल परळला दोषी धरण्याकडे होता. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. स्वतःच उभ्या केलेल्या संस्थेचा उंबरठा त्यांना परका झाला. १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

मात्र जबान्यांतच एक साधी गोष्ट नोंदलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापवता नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली जर आधीच, म्हणजे बनल्यापासून ४१ दिवस दूषित असती तर उघडल्याबरोबर घाण वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने ती हुंगून पाहिली होती, तिला तसा वास नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही जंतू बाटली उघडताना शिरल्याचाच संभव अधिक मानला. तरीही हाफकिन यांच्यावरचा ठपका निघायला पाच वर्षे लागली.

मलेरियाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने जोरात उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्प्सन यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्या वर्षाअखेर सरकारने माघार घेतली आणि त्यांना पुन्हा नोकरीवर बोलावले. ते आलेही. परळची जागा तोवर दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्यात नेमले गेले, पण लसीचे प्रत्यक्ष प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली नाही. वयाच्या ऐन सत्तेचाळिशीत, ज्या कामासाठी सारे सोडले त्या कामापासूनच त्यांना दूर ठेवले गेले. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले.

या प्रकरणात हाफकिन यांचे नुकसान झाले ते एकट्याचे. पंजाबचे नुकसान त्याहून मोठे होते. मलकोवालची बातमी पसरताच तिथली लसीकरणाची मोहीम मोडून पडली, आणि पुढच्या काही वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसे मेली. एका पडलेल्या चिमट्याने १९ जीव घेतले. त्यानंतर उडालेल्या विश्वासाने किती घेतले याची गणती नाही. आजही आमच्या खात्यात सुईच्या स्वच्छतेचा, बाटली उघडल्याची वेळ लिहून ठेवण्याचा जो आग्रह असतो, तो काहींना कागदी काच वाटतो. त्यामागे अशी गावे आहेत.

शेवटची वर्षे

निवृत्तीनंतर हाफकिन फ्रान्समध्ये आणि अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी राहिले. लग्न त्यांनी केले नव्हते. ज्या धर्मासाठी तरुणपणी नोकरी सोडली त्याच्या आचरणात आणि अभ्यासात ते रमले. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ते त्यांच्या हयातीत झाले ही समाधानाची गोष्ट. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, अशा अर्थाचे कृतज्ञतेचे पत्र त्यांनी संस्थेला पाठवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्या मागे संस्था थांबली नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. सर्पदंशावरचे औषध म्हटले की आपल्या भागातल्या शेतकऱ्यालाही हाफकिनचे नाव आठवते. पोलिओचे जे दोन थेंब देशातल्या मुलांच्या तोंडात पडले, त्यातले कितीतरी परळहूनच आले होते. देवीचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात १९७५ मध्ये नोंदला गेला. पोलिओचा शेवटचा १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्याही आत होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. १९९४ मध्ये सुरतेत आणि आपल्या बीड जिल्ह्यात पुन्हा प्लेगचे नाव निघाले तेव्हा देश घाबरला खरा, पण गोळ्या होत्या, माहिती होती, आणि साथ थोड्या दिवसांत आटोक्यात आली.

ही प्रगती म्हणजे केवळ औषधांची आणि इमारतींची यादी नव्हे. तिच्या बुडाशी विश्वास आहे. देणाऱ्याने आधी स्वतः घ्यायचे, घेणाऱ्याला समजावून द्यायचे, आणि काम करताना चिमटा पडला तर तो ज्योतीवर धरल्याशिवाय पुन्हा वापरायचा नाही. हाफकिन यांच्या चरित्रातून माझ्यासारख्या खात्यातल्या माणसाने एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. हाफकिन यांचे नाव संस्थेवर आहे, तिकिटावर आहे, पुस्तकांत आहे. १८९८ च्या पावसाळ्यात हुबळीत बाही वर करणाऱ्या ३५,००० लोकांची नावे कुठेच नाहीत. त्यात आपल्या पणजोबा-पणजींपैकी कोणी असेलही. घरात एखादी जुनी वही असेल, ट्रंकेत एखादा दाखला असेल, ऐंशी-नव्वदीतल्या एखाद्या आजीला तिच्या सासूने सांगितलेली माळावरच्या झोपडीची गोष्ट आठवत असेल, तर यंदा गणपतीत सगळे एकत्र जमाल तेव्हा ती विचारून लिहून काढा आणि मंडळाकडे द्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती छापू. आरतीला उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना आपण इथे कसे टिकलो, हेही कळले पाहिजे.